अंगणातल्या पाखरांची भांडणं आणि जोड्या : फाल्गुन-चैत्रात काय पाहायचं, कसं पाहायचं

पळसपान (धागाकर्ता)

पळस पेटला की आठ-पंधरा दिवसांत अंगणातल्या पाखरांचं वागणं पालटतं. माघात एकाच उकिरड्यावर चरणारे दोन चिरक फाल्गुनात एकमेकांना दहा हातांवर टिकू देत नाहीत. लोक त्याला ‘पाखरं खेळतात’ म्हणतात, आणि दयाळ गायला लागला की ‘काय खुशीत आहे’ म्हणतात. गाणारा नर बहुतेक वेळा हद्द सांगत असतो. शेजाऱ्याला ‘धुऱ्याच्या (बांधाच्या) अलीकडे येऊ नको’ आणि मादीला ‘इथं जागा आहे’ या दोन्ही गोष्टी एकाच गाण्यात असतात. त्यातलं भांडण कोणतं आणि जोडी कोणती हे वेगळं करता यावं, म्हणून हा धागा. लिहिताना पाखरू, जागा, वेळ आणि हालचाल एवढं नेमकं लिहा.

आधी पाहायची रीत. जागा एकच ठेवा. ओसरीची कड, न्हाणीची भिंत, कडब्याच्या गंजीचा आडोसा, काहीही चालेल, पण रोज तीच. पाठीशी भिंत असली की आपली आकृती उठून दिसत नाही. नागपूर-यवतमाळ पट्ट्यात सूर्य मार्चच्या मध्यावर साधारण सव्वासहाच्या पुढे उगवतो, एप्रिलच्या मध्यावर सहाच्या जरा आधी आणि मेच्या मध्यावर साडेपाचच्या सुमारास. दयाळ त्याच्याही आधी, झुंजूमुंजू असतानाच सुरू करतो. म्हणून उजाडायच्या आधी बसायचं. पहिली पाच मिनिटं काही लिहायचं नाही, कारण आपण आल्यामुळे जो गोंधळ झाला तोच त्या पाच मिनिटांत दिसतो. पुढची वीस मिनिटं खरी.

वहीच्या एका पानावर अंगणाचा कच्चा नकाशा काढा : घर, गोठा, विहीर, कडुनिंब, शेवगा, तार, कुंपण. नर जिथून गातो तिथे टिंब. दोन नर एकाच वेळी गाताना ऐकू आले तर त्यांची दोन टिंबं तुटक रेघेनं जोडा. ही रेघ सगळ्यात मोलाची, कारण एक पाखरू एका वेळी दोन झाडांवर असू शकत नाही. नुसती टिंबं पाहून एकाच नराला तिघं समजण्याची चूक हमखास होते. प्रत्यक्ष झटापट झाली तिथे फुली. सहा-सात सकाळी झाल्या की टिंबांचे पुंजके पडतात आणि फुल्या त्या पुंजक्यांच्या मधोमध येतात. तीच हद्द. ती आपल्या कुंपणाशी जुळेल अशी आशा धरू नका.

कवेलू

भाऊ, एक सांगा. मोटारसायकलच्या आरशाशी काळं पाखरू रोज भिडते. सकाळी सातपासून साडेआठपर्यंत चालू राहते, आरसा पुरा खराब करून टाकते. हे चिरक का दयाळ? अन् काऊन करते असं?

बोडीकाठ

मार्चमध्ये आपल्या अंगणात काळी दिसणारी तीन पाखरं असतात, ती आधी वेगळी करू.

दयाळ मोठा, साळुंकीपेक्षा थोडाच लहान. वरून निळसर काळा, पोट पांढरं, पंखावर लांब पांढरा पट्टा. मादी तशीच, पण काळ्याच्या जागी राखी.

चिरक चिमणीएवढाच. नर अंगभर काळा, खांद्यावर पांढरा डाग (बसलेला असताना तो कधी कधी झाकला जातो) आणि शेपटीखाली विटकरी. शेपटी पाठीवर उभी, म्हणून ती विटकरी खूण लांबून दिसते. मादी मातकट, खांद्यावर पांढरं नाही, शेपटीखाली मात्र फिकी विटकरी असतेच.

तिसरा थिरथिरा. छाती काळी, पोट नारिंगी, आणि बसल्या जागी शेपटी सारखी थरथरत असते. हा हिवाळी पाहुणा, मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडे निघून जातो. तोही इथं असेपर्यंत आपली चरायची जागा राखतो आणि आरशावर जातो. म्हणून आरशावरचं काळं पाखरू म्हणजे चिरकच, असं धरून चालू नका. शेपटी थरथरते की उभी राहते ते पाहा.

आता कारण. आरशात त्याला स्वतःच्या हद्दीत घुसलेला दुसरा नर दिसतो. खरा नर दोन-चार धमक्यांत मागं हटतो. आरशातला हटत नाही, उलट जेवढा जोर लावावा तेवढाच जोर लावतो. म्हणून हे भांडण संपतच नाही. पाखराची चोच-नखं दुखावतात, पण मोठं नुकसान वेळेचं होतं. हा तासभर आरशापाशी असला की तिकडे खऱ्या शेजाऱ्याला मोकळं रान मिळतं. उपाय साधा : आरशावर जुना मोजा किंवा कापडी पिशवी चढवा, गाडी दुसऱ्या बाजूला लावा. खिडकीची काच असेल तर बाहेरून माती कालवून पुसट लेप द्या. आतून पडदा लावून उपयोग नाही, त्यानं काच उलट जास्त आरसा होते.

टिपणवही

बोडीकाठ काकांच्या मुद्द्याला पुरवणी. नराला अख्खा नर दिसावाच लागतो असं नाही. इंग्लंडात पक्षीशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी तिकडच्या रॉबिन या पाखरावर केलेल्या प्रयोगांत हद्दीत ठेवलेल्या नुसत्या तांबड्या पिसांच्या पुंजक्यावरही नर तुटून पडला होता. त्या रॉबिनची खूण छातीवर असते. आपल्या चिरकाची खूण खांद्यावर आणि शेपटीखाली, म्हणून तो भांडताना छाती दाखवत नाही. शेपटी डोक्याकडे उलटी आणि पंख थोडे सैल, या पवित्र्यात तो शेजाऱ्यासमोर आडवा फिरतो. पाहताना नजर तिथे ठेवा.

मोहफूल

चिरकाच्या नराचा हाच पवित्रा मादीसमोरही असतो. म्हणून एकटा पवित्रा पाहून ‘भांडण’ किंवा ‘जोडी’ लिहू नये, पुढचे दहा सेकंद पाहावे. समोरचा नर असेल तर तो एकतर उडून जातो, नाहीतर तसाच आडवा होतो, मग दोघं समांतर चालतात. जणू मधे दोरी ताणली आहे. अंगाला अंग लागणं फार कमी वेळा होतं. मादी असेल तर ती चरत राहते, त्याच्याकडे पाठ करते, आणि तरीही निघून जात नाही. न जाणं हीच खूण.

जोडी पक्की झाल्याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा चोचीत असतो. गवताची काडी, केस किंवा पीस चोचीत आणि पाखरू पुन्हा पुन्हा एकाच दिशेला जातंय, म्हणजे घरटं चालू. गाणं, पाठलाग, नाच हे सगळं त्याच्या खालचे पुरावे. चिरकाच्या घरट्यात केसांचं अस्तर असतं, कधी सापाच्या कातेचे तुकडेही. भिंतीचं भोक, विहिरीच्या दगडांमधली फट, मोटारपंपाच्या खोलीतला जुना डबा या त्याच्या आवडत्या जागा.

संत्राबाग

शिंजीरबद्दल, त्या फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या पाखराबद्दल लिहा कोणीतरी. संत्र्याचा आंबिया बहार (हिवाळा सरतानाचा फुलोरा) फुटला की बागेत नुसता त्यांचाच धिंगाणा. अर्धे नर असे चट्ट्यापट्ट्याचे दिसतात, की रोगट वाटतात.

मोहफूल

रोगट नाहीत, कपडे बदलताहेत. जांभळ्या शिंजीरचा नर विणीनंतर मादीसारखा मळकट पिवळा होतो. फक्त गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ उरते, कपाळावर नाम ओढावा तशी. हिवाळ्याच्या शेवटी नवी चकचकीत पिसं येऊ लागतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत मधल्या अवस्थेतला नर गोधडीसारखा दिसतो. फेब्रुवारीत चट्ट्यापट्ट्याचा नर दिसला तर लिहून ठेवा, होळीपर्यंत तो पुरा काळा-जांभळा झालेला असेल.

भांडण बहुतेक दोन गोष्टींवरून : फुलांचं झुडूप आणि मादी. फुलांवरचं भांडण छोटं असतं. नर फुलोऱ्याच्या टोकाला बसतो, दुसरा आला की सरळ अंगावर जातो आणि परत त्याच काडीवर येतो. परत त्याच काडीवर येणं ही राखणीची खूण. मादीसमोरचा नर वेगळा. डोकं वर, शेपटी पसरलेली, पंख लोंबते आणि फडफडते, आणि तोंडानं चढता ‘चीविट-चीविट’. त्या वेळी पाखरू दहा-बारा फुटांवर असेल तर पंखाच्या बगलेकडे पाहा. एरवी झाकलेला पिवळा-शेंदरी पिसांचा पुंजका बाहेर फुगतो, कोळशात निखारा दिसावा तसा. दोन-तीन सेकंदांत परत मिटतो. हा पुंजका मादीला नसतो.

घरटं विणणं मादीचं काम. नर बरोबर उडतो, शेजारी गातो, काडी मात्र आणत नाही. लांबोळी लोंबती पिशवी, बाजूला दार, दारावर छोटी पडवी. बाहेरून जळमटं, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा चिकटवलेली, म्हणून लांबून ते कचरा अडकल्यासारखं दिसतं. झाडझूड करताना हेच पहिलं ओढलं जातं. पडवीतल्या वायरीवर, बोरीच्या किंवा डाळिंबाच्या फांदीवर लोंबता कचरा दिसला तर आधी दार आहे का पाहा. अंडी बहुधा २, उबवते मादीच, साधारण १५ ते १७ दिवस.

धुरावाला

कोळीष्टकं झाडू नका हेही सांगा ताई. शिंपी, शिंजीर दोघांनाही तीच लागतात. पाडव्याची साफसफाई जरा आधी, माघातच उरकली तर बरी. चैत्रात वळचणीची एक बाजू तशीच राहू द्यावी, पाहुण्यांना काही दिसत नाही तिथलं.

शिंप्याचं सांगतो. त्याचं शिवण म्हणतात ते खरं तर टाका नव्हे, रिवीट. पानाच्या कडेला चोचीनं बारीक भोक, त्यातून कापसाचा किंवा जळमटाचा धागा ओवायचा, बाहेरच्या बाजूला त्याचा बोंडासारखा पुंजका होतो आणि तो मागं सरकत नाही. एक मोठं पान वळवून, नाहीतर दोन-तीन लहान पानं जोडून द्रोण होतो. वांग्याचं पान, अंजीर, जास्वंद, बागेत संत्रा-लिंबाची पानं. पान हिरवंच राहतं, म्हणून घरटं दिसत नाही. पान पिवळं पडायला लागलं तर भोकं जास्त पडली किंवा देठ दुखावला. असं घरटं बहुधा अर्ध्यात सोडून देतात.

नर ओळखायचा तर विणीच्या दिवसांत शेपटीची मधली दोन पिसं सुईसारखी लांब. एरवी दोघं सारखेच. आवाज देताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळा डाग उघडतो-मिटतो, तो दोघांनाही असतो, त्यावरून नर ठरवू नका.

टिपणवही

कापसावरून एक प्रश्न नेहमी येतो : घरट्यासाठी कापूस ठेवावा का? पऱ्हाटी उपटून झाल्यावर कुंपणाला, बाभळीला अडकलेला कापूस पाखरं उचलतातच. ठेवायचाच तर सरकी काढलेला, न रंगवलेला, चिमूटभर, खराट्याच्या काड्यांत सैल खोचून. सुतळी, नायलॉनचा दोरा, मांजा, कांद्याच्या जाळीचे तुकडे अजिबात नाही. पिल्लाच्या पायाला धागा गुंडाळला की पाय वाढतो आणि धागा रुततो. केस ठेवायचे तर बोटभर लांबीचे कापून.

कवेलू

नर-मादी सारखीच दिसतात त्यांचं काय? बुलबुल, साळुंकी, होला. तिथं तं कोण कोणाशी भांडते तेच समजत नाही.

बोडीकाठ

तिथं रंग सोडायचा अन् वागणं पाहायचं.

बुलबुलाची जोडी एकमेकांपासून दोन-चार हातांवर राहते, एक उडालं की दुसरं आवाज देऊन मागं जातं. नर मादीसमोर पंख खाली सोडून शेपटी पसरतो, बुडाची लाल पिसं फुलवतो. भांडताना लाल बूड दिसतंच, पण तेव्हा शेंडी उभी आणि अंग पुढं झुकलेलं.

होल्याचं सोपं. नर मान फुगवून मादीपुढे वाकतो, मान वर करतो, परत वाकतो, घुमणं चालूच. मादी पुढं पुढं चालत राहते. हद्दीसाठी तोच नर झाडावरून सरळ वर चढतो, पंख टाळ्यांसारखे वाजवतो आणि शेपटी पसरून तरंगत खाली येतो. जमिनीवरचं वाकणं मादीला, आकाशातली ही कवायत सगळ्यांना. एकमेकांच्या मानेची पिसं विंचरताना दिसले की जोडी झाली समजा.

तांबटाची नर-मादी दिसायला सारखी. शेवग्याच्या वाळक्या फांदीला खालच्या अंगानं भोक दिसलं तर लगेच ‘घरटं’ लिहू नका, तो भोकात रात्री झोपायलाही जातो. दोघं पाळीपाळीनं आत-बाहेर करतात आणि एक दुसऱ्याला फळ भरवतो, तेव्हा लिहा. अन् ती वाळकी फांदी तोडू नका. मऊ, किडलेली, थोडी तिरपी फांदीच त्याला चालते. टणक लाकूड त्याला पोखरवत नाही.

पळसपान

साळुंकीवर वेगळं लिहायला हवं, कारण अंगणातलं सगळ्यात खरं भांडण तिचं. चिरक-दयाळ पवित्र्यावर भागवतात, साळुंकी भागवत नाही. दोन जोड्या एका ढोलीसाठी आल्या की आधी मान वर-खाली, डोक्याची पिसं ताठ, कर्कश ओरडा. मग दोघी एकमेकींच्या पायांत पाय अडकवून जमिनीवर पडतात, आणि एक दुसरीच्या डोक्यावर चोच मारत राहते. बाकीच्या साळुंक्या गोल करून ओरडतात. पायाची पकड सुटत नाही म्हणून उडताही येत नाही, आणि तेव्हाच मांजराचं फावतं. सोडवायला जाऊ नका. दोन पावलं पुढं गेलं की बहुधा स्वतःच सुटतात.

एवढा जोर का, याचं कारण ढोल्या कमी आहेत. जुनी कडुनिंबं पडली, छपरावरच्या कवेलूच्या जागी टिनपत्रे आणि स्लॅब आले. जोडी जमलेली असते, अडतं जागेपाशी.

संत्राबाग

मग खोके लावावेत ना.

टिपणवही

लावावेत, पण माप चुकलं की खोका साळुंकीचा होतो.

चिमणीसाठी भोक सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर. यात साळुंकी शिरत नाही. तळ आतून चार-साडेचार इंच चौरस, उंची सात-आठ इंच, भोक तळापासून पाच इंच वर. लाकूड पाऊण इंच जाडीचं. पातळ प्लायवूड चंद्रपूर-वर्ध्याच्या मेमध्ये भट्टी होतं, टिनाचा खोका तर नकोच. भोकाखाली बसायला काडी ठोकू नका. चिमणीला तिची गरज नाही, अंडी-पिल्लं पळवणाऱ्या टकाचोराला मात्र तिचा उपयोग होतो. तळाच्या कोपऱ्यांत चार बारीक भोकं, वरच्या कडेला हवेसाठी दोन. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, पश्चिमेला कधीच नाही. उंची आठ-दहा फूट, वळचणीखाली. चिमण्या शेजार करून राहतात, त्यामुळे तीन खोके चार-पाच फुटांवर लावले तरी चालतं.

दयाळाला दोन इंचांचं भोक लागतं आणि त्यातून साळुंकीही शिरते. यावर साफ तोडगा नाही. दोन खोके लावले तर साळुंकीची जोडी दोन्हींवर हक्क सांगू शकते. त्यापेक्षा वाळकं खोड उभं ठेवा. दयाळ भिंतीच्या भोकातही जातो.

धुरावाला

इथं मी सहमत नाही. दयाळाचा खोका साळुंकीनं घेतला तर घेतला, पण तो घराच्या वावराच्या बाजूला लावला तर साळुंकी तिकडे अडकते आणि अंगणातली भिंतीची भोकं मोकळी राहतात.

टिपणवही

एक खोका असताना ते जमू शकतं. साळुंकीची संख्या वाढली की पुढच्या वर्षी दोन जोड्या भिंतीकडे येतील, हे लक्षात ठेवा.

मोहफूल

चिमणीचं भांडण पाहायचं तर नराच्या गळ्याकडे पाहा. पिसं बदलल्यावर काळ्या पिसांची टोकं राखी असतात, गळा लहान आणि धुरकट दिसतो. हिवाळाभर ती टोकं झिजतात आणि होळीच्या सुमारास आतला काळा पुरा उघडा पडतो. नवं पीस न येताच गळा मोठा होतो. चोचही तपकिरीची काळी होते, हा विणीचा रंग. मोठ्या काळ्या गळ्याच्या नराला बाकीचे सहसा वाट सोडतात.

नर आधी भोक धरतो, दारात बसून एकसुरी ‘चिव… चिव…’ करत राहतो. मादी येऊन आत डोकावते. ती आत गेली, बाहेर आली आणि दुसऱ्या दिवशी परत आली, तर जमलं. कधी चार-पाच नर एकाच मादीमागं झुडपात घुसून कल्लोळ करतात. त्यात तिचा जोडीदार बाकीच्यांना हाकलायला घुसलेला असतो, आणि ती स्वतः चोच मारून सगळ्यांना बाजूला करत असते. या कल्लोळाला जोडी म्हणून नोंदवू नका.

कवेलू

भाऊ, कूलर काढला खाली, त्यात होल्याचं घरटं. दोन अंडी. आता गरमी तं वाढली. काय करावं?

पळसपान

दरवर्षीचा प्रश्न. होल्याचं घरटं म्हणजे पंधरा-वीस काड्या, जागा हलवली की संपलं. उबवणं १३-१४ दिवस, पिल्लं उडायला पुढं जवळपास तेवढेच. म्हणजे जास्तीत जास्त चार आठवडे. अंडी घातल्याला आठवडा झाला असेल तर तीनच. तेवढे दिवस दुसऱ्या खिडकीत कूलर लावा, वाळ्याची जाळी बदलायचं काम मागं ढकला. पुढच्या वर्षी माघातच कूलर गोणपाटानं बंद करा. रिकाम्या घरट्याच्या काड्या आधी काढल्या तर होला दुसरी जागा पाहतो. अंडी पडल्यावर मात्र हात लावू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे, घरटी-अंडी त्यात येतात.

संत्राबाग

दयाळ जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज लावला तर? लगेच येतो म्हणतात.

बोडीकाठ

येतो, अन् म्हणूनच लावू नये. तुमचा मोबाइल म्हणजे आवाजाचा आरसा. न दिसणारा, न हटणारा शत्रू. दयाळ गाणं सोडून डोक्यावर चकरा मारतो, घरट्याला भरवणं थांबतं. त्याच वेळी पाखरं मारणारा शिक्रा कुठं बसला आहे ते आपल्याला माहीत नसतं. फोटोचा मोह असेल तर गाण्याची काडी हेरून ठेवा. दयाळ रोज तीन-चार ठरलेल्या टोकांवरूनच गातो. सगळ्यात उंच वाळकी फांदी, मोबाइल टॉवर, घराचा कळस. तिथं उजेड कोणत्या बाजूनं येतो ते पाहून आधीच बसा.

धुरावाला

सुगरणीचं कोणी लिहिलं नाही.

मोहफूल

तिचा हंगाम नाही हा. सुगरण पावसाळ्यात विणते, गवत-पातं ओलं, लांब मिळायला लागल्यावर. चैत्रात बाभळीला लोंबतात ती मागच्या वर्षीची घरटी.

कोकीळ मात्र याच दिवसांतला. गातो तो काळा नर. ठिपक्यांची तपकिरी मादी ‘किक-किक-किक’ करते, पंचम लावत नाही. कावळ्यांच्या घरट्याजवळ नर मुद्दाम दिसतो, कावळे त्याच्या मागं लागतात आणि तेवढ्यात मादी अंडं घालून जाते. सातभाईंच्या घरट्यांवर पावशाचा डोळा असतो. ‘पेरते व्हा’ जूनमध्ये ऐकू येतं असं म्हणतात, पण तो मार्च-एप्रिलपासून ओरडतो. पेरणीच्या घाईत आपलं लक्ष तिकडे जातं, एवढंच. सातभाई स्वतः जोडीनं नव्हे, टोळीनं हद्द राखतात. दोन टोळ्या धुऱ्यावर समोरासमोर आल्या की दोन्हीकडून एकच गलका होतो. पिल्लांना टोळीतले बाकीचेही भरवतात, त्यामुळे भरवणारा म्हणजे बाप, असं सातभाईंत धरता येत नाही.

टिपणवही

घरटी का फसतात यावर थोडं, कारण नोंदी बहुतेक इथं तुटतात.

पहिलं कारण आपण. रोज एकाच वाटेनं घरट्याजवळ गेलं की गवत दबतं, मांजराला वाट मिळते, आणि कावळा-टकाचोर माणसाची नजर कुठं जाते ते पाहतात. तीन-चार दिवसांतून एकदा, वेगळ्या वाटेनं, न थांबता पुढं निघून जा. घरट्यापाशी वळून परत येऊ नका.

दुसरं, मेहंदीची छाटणी. कुंपण जानेवारीत छाटा. मार्चमध्ये छाटलं की बुलबुलाचं घरटं उघडं पडतं, ते बिचारं चार-सहा फुटांवरच असतं.

तिसरं, ऊन. पश्चिमेकडे उघड्या घरट्यात दुपारी आई उबवत नसते, पंख पसरून सावली देत असते. तेव्हा तिला उडवलं तर दहा मिनिटांतही पिल्लं मरू शकतात. एप्रिलपासून नऊ ते साडेचार घरट्याकडे फिरकूच नका.

चौथं, फवारणी. पिल्लांना पहिले दिवस अळ्या-किडेच लागतात. दाणे टाकून ती उणीव भरत नाही.

आणि एक गैरसमज : माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हे बहुतेक अंगणी पाखरांत खरं नाही. पिसं न फुटलेलं पिल्लू खाली पडलं तर उचलून घरट्यात ठेवा. पिसं आलेलं, फांदीवर टुणटुण उडणारं पिल्लू मात्र तसंच सोडा. आईबाप जवळच असतात.

धुरावाला

पाण्याचं परळ कुठं ठेवावं? त्याच्यावरूनही भांडतात.

पळसपान

पसरट, खरबरीत मातीचं, पाणी दोन बोटं खोल, रोज बदलायचं. झुडपापासून सात-आठ फूट लांब, म्हणजे मांजराला झेप घेता येत नाही, आणि वर बसायला एक फांदी. एक मोठं ठेवण्यापेक्षा दोन लहान, एकमेकांना न दिसणारी ठेवा. साळुंकी एकावर बसली तरी दुसरं शिंजीर-शिंप्याला मोकळं राहतं. पाण्यावरची झटापट हद्दीच्या नकाशावर फुली म्हणून मांडू नका. पाण्यावर परके येतात, तिथली भांडणं धुऱ्याची नसतात.

कवेलू

शेवटचं. मृग लागल्यावर गाणं बंद झालं म्हणजे सगळं संपलं का? अन् छातीवर ठिपके असलेलं दयाळासारखं पाखरू दिसलं, ते कोणतं?

बोडीकाठ

गाणं कमी होतं, पण एकदम बंद होत नाही. पहिली वीण फसली असेल तर तोच नर जूनमध्येही पहाटे जोरात गातो, ती दुसऱ्या खेपेची तयारी. म्हणून जूनमधल्या टिंबांना वेगळा रंग द्या. अन् ठिपक्यांचं ते दयाळाचं पिल्लू. छाती तांबूस, खवल्यासारखे ठिपके, शेपटी अजून आखूड. बापाच्या गाण्याच्या काडीखाली ते बिनधास्त चरत असतं, बाप त्याला हाकलत नाही. नकाशावर त्याला गोल काढा, नराच्या टिंबात धरू नका.